गोलत्वाचा प्रश्न

दोन मिलिमीटर व्यासाचा एक पोकळ गोळा चहूबाजूंनी एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आत लोटावयाचा, त्याची त्रिज्या मूळच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येईपर्यंत त्याचे गोलपण ढळू द्यावयाचे नाही, आणि हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही अब्जांश भागांत उरकावयाचा, हे ज्या शास्त्राचे नित्याचे काम आहे, त्याची सांगोपांग ओळख करून देणारा ग्रंथ मराठीत होत आहे याचे मला समाधान वाटते. जडत्वबद्ध केंद्रकीय संमीलन हे त्या शास्त्राचे नाव. वृत्तपत्रांतून त्याची वार्ता अधूनमधून येते आणि ती बहुधा आकड्यांची असते: लेसरने इतके मेगाज्यूल दिले, इंधनाने इतके परत केले, आणि मानवाने सूर्य हस्तगत केला. या आकड्यांना महत्त्व नाही असे नव्हे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्राच्या वाट्यास आलेल्या पुष्कळ अपयशाची आणि थोड्या यशाची चिकित्सा करू गेल्यास असे दिसते की, शक्ती किती ओतली यापेक्षा ती कोठे शोषली गेली आणि सर्व बाजूंस सारखी वाटली गेली की नाही, यावरच पुष्कळदा फैसला झाला. पाठ्यपुस्तकांतून प्रकाशाचे शोषण आणि संकोचाची सममिती हे विषय दोन निरनिराळ्या प्रकरणांत येतात. प्रस्तुत ग्रंथाने ते एकच मानले आहेत. प्रकाश शोषला जाण्याची जागा बदलली की दाबाची वाटणी बदलते, आणि दाबाची वाटणी बदलली की गोळा गोळा राहत नाही, हे सूत्र ग्रंथकाराने अखेरपर्यंत हातचे सोडलेले नाही.

नवख्या वाचकासाठी चार गोष्टी आरंभीच सांगून टाकणे बरे. हायड्रोजनाची ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही दोन जड समस्थानिके. त्यांची केंद्रके एकत्र आली म्हणजे हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन जन्मास येतात आणि 17.6 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. तिचे चार पंचमांश न्यूट्रॉन घेऊन जातो, एक पंचमांश हेलियमच्या पदरी पडते. आणि ते हेलियम इंधनातच अडकून राहिले तर इंधन स्वतःच्या उष्णतेने पेटत जाते. परंतु केंद्रके परस्परांना दूर लोटतात, म्हणून त्यांना एकत्र आणण्यास कोट्यवधी अंशांचे तापमान लागते, आणि असल्या तापमानाचा पदार्थ धरून ठेवील असे भांडे जगात नाही. यावर एक तोड चुंबकीय क्षेत्राच्या पिंजऱ्याची आहे. टोकामॅक नावाच्या यंत्रांचा तो मार्ग. दुसरी तोड अशी की धरून ठेवूच नये; इंधन इतके दाट करावे की ते विखुरण्यापूर्वीच त्याचे ज्वलन आटोपेल. विखुरण्यास जो अल्पसा वेळ लागतो तो पदार्थाच्या जडत्वामुळे लागतो, आणि तेवढीच या पद्धतीला मिळणारी मुदत.

दाटपणाचा आग्रह कशासाठी, हे एका हिशेबाने ध्यानात येते. ज्वलन चांगले होण्यासाठी घनता आणि त्रिज्या यांचा गुणाकार एका ठराविक मर्यादेच्या वर असावा लागतो. त्यामुळे घनता हजार पटींनी वाढविली की तेवढ्याच दर्जाच्या ज्वलनास लागणारे इंधन दहा लाख पटींनी कमी होते. जे काम संकोचाशिवाय एखाद्या प्रचंड स्फोटानेच साधले असते, ते संकोचामुळे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत येते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे जॉन नकोल्स 1957 च्या सुमारास याच दिशेने विचार करीत होते, आणि तेव्हा लेसर अस्तित्वातही नव्हता. 1960 साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर प्रकाशमान केला; 1964 पर्यंत मॉस्कोत बासोव्ह आणि क्रोखिन यांनी लेसरने संमीलन साधण्याची कल्पना मांडली; आणि 1972 साली नकोल्स व त्यांचे सहकारी यांचा लेख ‘नेचर’ नियतकालिकात आला, तेव्हा कोठे संकोचाचा हा सारा विचार गोपनीयतेच्या दप्तरातून बाहेर पडून जगाच्या विद्वानांपुढे उघडपणे आला. त्या लेखातील आशावाद आज वाचताना थोडा कौतुकाचा वाटतो. किलोज्यूलांच्या घरातील लेसरही या कामी बरेच काही साधील असे त्यात सुचविले होते. पुढे जे घडले ते लेसरची ताकद वाढत जाण्याचे वृत्त आहे खरे, पण त्याहून अधिक ते निसर्गाने एकेक हरकत घेत जाण्याचे वृत्त आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रकाशाच्या दाबाने गोळा चिरडला जातो असे पुष्कळांस वाटते. प्रकाशाला दाब असतो, पण या कामी लागणाऱ्या दाबाच्या मानाने तो शेकडो पटींनी अपुरा. घडते ते निराळे: गोळ्याचा बाहेरचा थर तापून वाफेसारखा बाहेरच्या दिशेस उसळतो, आणि अग्निबाणाच्या न्यायाने उरलेले कवच आत ढकलले जाते. दाब दहा कोटी वातावरणांच्या घरात जातो, आणि कवच सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने केंद्राकडे धावते. तात्पर्य, प्रकाशाने फक्त थर तापवावयाचा. बाकीचे काम उसळणारा पदार्थ करतो.

परंतु हे तापवणे सोपे नाही, आणि ग्रंथाचा पहिला मोठा विषय हाच आहे. किरण पृष्ठभागावर पडताच तेथे प्लाझ्मा तयार होतो, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रकाशाला घन पदार्थ दिसतच नाही. त्याला या फुगत जाणाऱ्या प्लाझ्माच्या आवरणातूनच वाट काढावी लागते. आवरण आत जावे तसे दाट होते, आणि जेथे इलेक्ट्रॉनांची घनता क्रांतिक मूल्यास पोहोचते तेथे प्रकाशाची गती खुंटून तो मागे फिरतो. वाटेत इलेक्ट्रॉन प्रकाशतरंगाच्या ठेक्यावर डोलतात, डोलताना आयनांवर आदळतात, आणि त्या आदळण्यात ठेक्याची ऊर्जा साध्या उष्णतेत रूपांतरित होते. शोषणाचा हा सरळमार्गी प्रकार; प्लाझ्मा जितका दाट आणि जितका थंड, तितका तो अधिक घडतो. दुसरे प्रकार इतके सालस नाहीत. प्रखर प्रकाश प्लाझ्मामध्ये तरंग उठवितो; ते तरंग कधी प्रकाशालाच मागे फेकून देतात, तर कधी मूठभर इलेक्ट्रॉनांना अवाच्या सवा ऊर्जा देऊन पुढे धाडतात. असे उष्ण इलेक्ट्रॉन कवच भेदून आतल्या इंधनात शिरतात आणि त्यास वेळेपूर्वीच तापवून ठेवतात. तापलेले इंधन दाबास जुमानत नाही. मग बाहेरून कितीही जोर लावला तरी संकोच अर्ध्यावर अडतो. प्रखर प्रकाशाने प्लाझ्मा साध्या टकरींच्या हिशेबाबाहेर का तापतो, याची मीमांसा करणाऱ्या आरंभीच्या निबंधांत प्रेधिमन कृष्ण काव आणि जॉन डॉसन यांचा 1969 सालचा निबंध गणला जातो. हेच काव पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संचालक झाले.

ही अडचण कागदावरून काचेत उतरली ती लिव्हरमोरच्या ‘शिव’ लेसरवर. 1977 साली पूर्ण झालेल्या या यंत्राचे वीस किरण होते आणि ऊर्जा दहा किलोज्यूलच्या आसपास. प्रकाश मात्र अवरक्त, तरंगलांबी एका मायक्रोमीटरहून किंचित जास्त. उष्ण इलेक्ट्रॉनांनी त्याच्या लक्ष्यांचा जो घोटाळा केला त्यावरून अनेकांची खातरी पटली की या प्रकाशाने अधिक ताकद वापरून अधिक नुकसानच होईल. उपाय तत्त्वतः माहीत होता: क्रांतिक घनता तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून तरंगलांबी तृतीयांश केली की प्रकाश नऊ पटींनी दाट अशा प्रदेशापर्यंत पोहोचतो, टकरी वाढतात आणि तरंगांचा धुडगूस कमी होतो. प्रश्न होता तो ऊर्जा फारशी न गमावता हे रूपांतर करण्याचा. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकांतून ते कार्यक्षमतेने करून दाखविले, आणि 1984 साली सिद्ध झालेला लिव्हरमोरचा ‘नोव्हा’ 351 नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशावर चालू लागला. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासातील सर्वांत फलदायी निर्णय हाच होय. मोठी यंत्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, स्फटिकांचे चौकोनी तुकडे येत नाहीत, म्हणून तो सर्वांत कमी गाजलेलाही आहे.

आता दुसरा विषय, सममितीचा. रव्याचा लाडू वळताना एका बोटाचा दाब अधिक पडला तर तो तेथे भेगाळतो आणि दोन बोटांच्या फटीतून रवा बाहेर येतो. येथेही तेच, फरक एवढाच की येथे चूक संकोचाबरोबर वाढत जाते. कवचाच्या एका बाजूचा वेग दुसऱ्या बाजूपेक्षा शंभरात एक अंशाने जास्त असेल, तर त्रिज्या तिसाव्या हिश्श्यावर येईपर्यंत त्या एका अंशाचा फरक उरलेल्या त्रिज्येच्या जवळजवळ तृतीयांशाएवढा होतो. मग केंद्रातील उष्ण बिंदू गोल न राहता कधी पोळीसारखा सपाट, कधी लांबट होतो, आणि कवचाची गतिज ऊर्जा उष्णतेत उतरण्याऐवजी आडव्या हालचालींत वाया जाते.

ही झाली ठळक विषमता. बारीक विषमतेचा शत्रू निराळा आहे. दाट द्रव हलक्या द्रवावर तोलून धरला तर त्यांच्या सीमेवरची प्रत्येक सुरकुती वाढत जाते, हे रॅले यांनी 1883 मध्ये आणि टेलर यांनी 1950 मध्ये गणिताने दाखविले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1961 सालच्या आपल्या द्रवगतिकीय स्थैर्यावरील ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली आहे. लेसर-संमीलनात दाट कवचाला हलका उष्ण प्लाझ्मा रेटत असतो, म्हणजे परिस्थिती तीच. कवचाच्या पृष्ठभागावरील कण, इंधन भरण्याची नळी, गोळा टांगून ठेवणारा पातळ पापुद्रा, किरणातील प्रखर आणि मंद ठिपके, यांतील प्रत्येक गोष्ट सुरकुतीचे बी पेरते. सुदैवाने बाष्पीभवन होणारा थर काही सुरकुत्या आपल्याबरोबर उडवून नेतो. हा दिलासा नसता तर या विषयावर ग्रंथ लिहिण्याची वेळच आली नसती.

या शत्रूशी लढण्याच्या रीतीवरून दोन संप्रदाय पडले. प्रत्यक्ष पद्धतीत किरण थेट गोळ्यावर पडतात. रॉचेस्टरचा साठ किरणांचा ‘ओमेगा’, जपानमधील ओसाका विद्यापीठाचा बारा किरणांचा ‘गेक्को’ आणि वॉशिंग्टनची नौदल संशोधन प्रयोगशाळा ही तिची पीठे. या पद्धतीत ऊर्जेचा अपव्यय कमी. पण किरणातील प्रत्येक डाग लक्ष्यावर छापला जातो, म्हणून किरणच गुळगुळीत करण्याचे शास्त्र या मंडळींना घडवावे लागले. नौदलाच्या प्रयोगशाळेने 1983 मध्ये, ओसाकाने 1984 मध्ये आणि रॉचेस्टरने 1989 मध्ये जी तंत्रे प्रसिद्ध केली, त्यांचा मथितार्थ एकच: डाग नाहीसे करता येत नसतील तर ते इतके बारीक करावेत किंवा त्यांना इतक्या वेगाने नाचवावे की गोळ्याला सरासरीच जाणवावी. अप्रत्यक्ष पद्धतीत, जिचे माहेरघर लिव्हरमोर, गोळा सोन्याच्या वा तत्सम जड धातूच्या पोकळ नळकांड्यात टांगतात. किरण दोन टोकांच्या छिद्रांतून आत शिरून भिंतीवर पडतात, भिंत तीस लाख अंशांहून अधिक तापून क्ष-किरण ओकते, आणि त्या क्ष-किरणांच्या स्नानात गोळा दाबला जातो. डाग मिटतात, मात्र लेसरच्या ऊर्जेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के गोळ्यापर्यंत पोहोचतात. हायड्रोजन-बाँबच्या विद्येशी निकटचे नाते असल्यामुळे या पद्धतीवर गुप्ततेची मोहोर दीर्घकाळ होती. ती टप्प्याटप्प्याने सैल होत 1990 नंतरच्या दशकात बव्हंशी उठली, आणि 1995 साली जॉन लिंडल यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला तेव्हा बाहेरच्या अभ्यासकांना प्रथमच तिचा पूर्ण नकाशा मिळाला.

शोषण आणि सममिती या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रज्वलन केंद्रात. 2009 साली सिद्ध झालेल्या या यंत्राचे 192 किरण आहेत. नळकांडे सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे. 64 किरण अरुंद कोनातून आत शिरून त्याच्या कमरेपाशी भिंतीवर पडतात आणि 128 किरण रुंद कोनातून शिरून टोकांच्या जवळ पडतात. कमरेकडून येणारे क्ष-किरण आणि टोकांकडून येणारे क्ष-किरण यांचा तोल साधला तर गोळा गोल राहणार. परंतु तापलेले सोने फुगून आत येते आणि कमरेकडे निघालेल्या किरणांची वाट अडविते. ते किरण मध्येच शोषले जातात किंवा प्लाझ्मा-तरंगांवरून परत फिरतात. मग कंबर उपाशी राहते, टोके पुष्ट होतात आणि गोळा चपटा होतो. यावर शोधलेला उपाय मला या साऱ्या कथेतील सर्वांत देखणा भाग वाटतो. छिद्रापाशी सगळे किरण परस्परांना ओलांडतात, आणि तेथील प्लाझ्मातून एका किरणाची ऊर्जा दुसऱ्यात वाहू शकते. हे हस्तांतरण प्रथम उपद्रव म्हणूनच गणले जात होते. पुढे ध्यानात आले की दोन गटांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमांचे अंतर ठेवले, म्हणजे मूळ दहा हजारांहून अधिक अँगस्ट्रॉमांत फक्त दोन-चारांचे, तर ही ऊर्जा हव्या त्या बाजूस वळविता येते. ज्याचा उपद्रव होत होता त्यालाच मग तोल सांभाळण्याच्या कामावर नेमले गेले.

तथापि तोल लगेच सापडला नाही. प्रज्वलनाची पहिली मोहीम 2012 च्या सप्टेंबरअखेर मुदत संपून बंद झाली तेव्हा इच्छित फळ बरेच दूर होते, आणि संगणकाने वर्तविलेले आकडे व प्रत्यक्षातील आकडे यांतील तफावत पाहून टीकाकारांनी हात धुऊन घेतले. पुढच्या दशकात प्रकाश-स्पंदाचा आकार बदलला, प्लॅस्टिकच्या कवचाऐवजी हिऱ्याचे आले, नळकांड्यातील वायू कमी करून मागे फिरणारा प्रकाश आटोक्यात आणला गेला, इंधन भरण्याची नळी दहा मायक्रोमीटरवरून दोनपर्यंत बारीक झाली. 8 ऑगस्ट 2021 रोजी सुमारे 1.3 मेगाज्यूल निघाले. त्यानंतरची एक घटना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. 2022 च्या सप्टेंबरात लेसरची ऊर्जा वाढवून 2.05 मेगाज्यूल केली आणि कवच जाड केले; पण गोळा सपाट झाला आणि हाती 1.2 मेगाज्यूल आले. 5 डिसेंबरला ऊर्जा तीच ठेवून किरणांच्या तरंगलांबीतील अंतर किंचित वाढविले, कमरेला थोडा अधिक प्रकाश दिला, आणि 3.15 मेगाज्यूल निघाले. लेसरने लक्ष्याला दिलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा प्रयोगशाळेतील संमीलनातून मिळण्याची ती पहिली वेळ. तेवढ्याच ऊर्जेवर फळ अडीच पटींहून अधिक वाढते आणि त्याचे श्रेय मुख्यतः गोलत्वाकडे जाते. मग आरंभी मी आकड्यांविषयी जी कुरकुर केली ती अगदीच निराधार नाही असे वाचकासही वाटेल.

सममितीसाठी मानवाने इतकी यातायात केली, पण एके ठिकाणी निसर्गाने ती आपण होऊन दिली आहे, आणि तेवढ्यासाठी थोडे थांबणे योग्य होईल. गोळ्याच्या आतील इंधन गोठलेल्या थराच्या रूपाने असते, तापमान सुमारे उणे 254 अंश. हा थर सर्वत्र सारखा जाड हवा. ट्रिटियम किरणोत्सारी असून त्यातून सतत बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन थराला यत्किंचित उष्णता देत राहतात. जेथे बर्फ जाड तेथे उष्णता जास्त, म्हणून तेथील बर्फ उडून जेथे थर पातळ आहे तेथे जाऊन बसतो. कोणी हात न लावता थर समसमान होतो. प्रयोगकर्त्यांना फक्त आरंभीचा बी-स्फटिक नीट जमवून तासन्‌तास धीर धरावा लागतो, आणि मनासारखा स्फटिक न जमल्यास सारा थर वितळवून पुन्हा आरंभ करावा लागतो.

आज या विषयाचे महत्त्व का, याचे उत्तर सरळ द्यावे. अमेरिकेने 1992 पासून अणुचाचण्या बंद ठेवल्या आहेत, आणि अस्त्रांच्या साठ्याची खातरजमा प्रयोगशाळेत करण्याच्या हेतूनेच राष्ट्रीय प्रज्वलन केंद्राला पैसा मंजूर झाला. विजेचा हेतू दुय्यम. वाचकाने ही गोष्ट विसरू नये, आणि ग्रंथकारानेही ती झाकलेली नाही. विजेचा जमाखर्च मांडला तर 2022 च्या त्या प्रयोगासाठी लेसर चालविण्यास सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती. म्हणजे ताळेबंद अजून भयंकर तुटीचा. 2025 पर्यंत एका प्रयोगातून 8 मेगाज्यूलांहून अधिक निघाले असले तरी वीजघरासाठी असा प्रयोग दिवसातून एकदा नव्हे, सेकंदाला अनेकदा व्हावा लागेल, आणि प्रत्येक वेळी गोळा तितकाच गोल. खाजगी भांडवल या क्षेत्रात येऊ लागले आहे. त्याच्या जाहिराती वाचताना वाचकाने याच कसोट्या हाताशी ठेवाव्यात.

1955 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथील अणुशक्तीविषयक परिषदेचे अध्यक्ष या नात्याने होमी भाभा यांनी असे भाकीत केले होते की संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची रीत वीस वर्षांत सापडेल. भाकीत चुकले, त्या भाकितामागची जिद्द मात्र व्यर्थ गेली नाही. तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे लेसर आणि प्लाझ्मा यांच्या परस्परक्रियेवर प्रयोग होत आले आहेत. आपल्याकडे 192 किरणांचे यंत्र नाही. परंतु शोषणाचे मूलतत्त्व तपासण्यास एक किरणही पुरतो, आणि उष्ण इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाविषयी मुंबईत झालेल्या कामाची दखल बाहेर घेतली जाते. या संस्थांच्या दारापर्यंत जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी निबंधांच्या अरण्यात शिरण्यापूर्वी स्वभाषेत विषयाचा नकाशा मिळावा, ही या ग्रंथामागची प्रेरणा आहे.

ग्रंथाने काय साधले आणि काय सोडले, हेही सांगणे मला भाग आहे. त्यात गणित आहे, पण ते पदवीच्या वर्गापलीकडे क्वचितच जाते. आणि जेथे जाते तेथे आधी भौतिक चित्र उभे केले आहे, ही शिस्त मला विशेष रुचली. प्रत्यक्ष पद्धतीला ग्रंथकाराने जितकी जागा दिली तितकी अमेरिकेबाहेरही कोणी सहसा देत नाही. त्यांचा कल तिकडे आहे हे लपत नाही, आणि माझे मत तितके आशावादी नसले तरी पक्षपात उघड असला की तो वाचकास बाधत नाही. चुंबकीय पद्धतीचा संबंध केवळ तुलनेपुरता येतो. विद्युत्स्पंदांनी नळकांडी चिरडणाऱ्या प्रयोगांना मात्र फारच थोडी पाने मिळाली आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ती वाढावीत अशी माझी सूचना मी ग्रंथकाराच्या कानी घातली आहे. ज्याला प्लाझ्माचा काहीच परिचय नाही त्याने शोषणाचा भाग सावकाश वाचावा आणि तेथील आकृत्या स्वतः काढून पाहाव्यात. ज्याला तो आहे त्याने थेट किरणांच्या परस्पर ऊर्जाविनिमयाकडे जाण्यास हरकत नाही.